नमुना शेळीचा, निदान कळपाचं

पांढऱ्या टाइलवर रक्तजलाचा थेंब ठेवायचा, शेजारी गुलाबी प्रतिजनाचा. काडीने दोन्ही कालवायचे, टाइल हातात घेऊन हलकेच डोलवायची आणि घड्याळाकडे बघत चार मिनिटं थांबायचं. थेंब सरबतासारखा एकजीव राहिला तर शेळी निगेटिव्ह. दूध नासावं तसे त्यात बारीक कण धरले तर पॉझिटिव्ह. शेळ्यांमधल्या ब्रुसेलोसिसची, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताची, पहिली चाचणी ही एवढीच. रोझ बेंगॉल तिचं नाव. स्वस्त आणि सोपी, गोठ्याच्या ओट्यावर बसूनही करता येते. माझ्या नोकरीची बरीच वर्षं या टाइलवर वाकून गेली. त्या चार मिनिटांवर माझा आजही विश्वास आहे. तो नेमका किती ठेवायचा, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

धाराशिव जिल्ह्यातला एक कळप होता, 32 उस्मानाबादी शेळ्यांचा. राखणारी बाई पन्नाशीची. मी तिला मावशी म्हणत असे. श्रावणापासून तिच्या तीन शेळ्या गाभडल्या होत्या, तिन्ही चौथा महिना उलटल्यावर. लक्षण सरळ ब्रुसेलोसिसकडे बोट दाखवणारं. मी सगळ्या शेळ्यांच्या मानेच्या शिरेतून रक्त घेतलं. एकीच्याही कानात बिल्ला नव्हता, तेव्हा नळीवर लिहायचं काय? उस्मानाबादी शेळी बहुतेक काळीच असते. ‘काळी, कानावर ठिपका’, ‘काळी, शिंग मोडकं’, ‘काळी, थोराड’ असं लिहीत गेलो. पंधरा-सोळा दिवसांनी निकाल घेऊन परत गेलो. दोन पॉझिटिव्ह होत्या. त्यातली एक ‘काळी, कानावर ठिपका’. मावशीने दोन शेळ्या पुढ्यात आणून उभ्या केल्या. दोघींच्या कानांवर ठिपके. दुसरी पॉझिटिव्ह म्हणजे मोडक्या शिंगाची, आणि ती आदल्या बाजारी विकली गेली होती.

“ती गाभडली व्हती म्हणून इकली,” मावशी म्हणाली. “पर तुमी इचारलंच न्हाई, कोणच्या कोणच्या गाभडल्या.”

प्रयोगशाळेत काहीही चुकलं नव्हतं. प्रतिजन मुदतीतलं होतं, फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला आणलेलं होतं, रक्तजल स्वच्छ होतं, चार मिनिटं घड्याळ लावून मोजलेली होती. चाचणी बरोबर आली आणि त्या निकालाचा कोणालाच उपयोग झाला नाही. रोग घेऊन एक शेळी कोणा तिसऱ्याच्याच गोठ्यात गेली आणि उरलेल्या दोघींतली कोणती धोक्याची, ते कागदावरून ठरेना.

या अनुभवानंतर ‘ही चाचणी खात्रीची आहे का?’ हा प्रश्न मला अपुरा वाटू लागला. प्रतिजनाच्या एखाद्या बाटलीची खात्री कंपनी देऊ शकते. कळपाच्या निदानाची खात्री बाटलीच्या पुष्कळ आधी सुरू होते आणि पुष्कळ नंतर संपते. माझं म्हणणं असं की आपण शेळीची चाचणी करतो, शेळीचा रिपोर्ट देतो आणि शेळीवर निर्णय घेतो. पण ब्रुसेलोसिससारखा रोग शेळीत राहतो तो कळपाचा रोग म्हणून. त्याचं निदान कळपाचंच असायला हवं, आणि त्या निदानातला निम्मा पुरावा शेळ्या राखणाऱ्या माणसाच्या आठवणीत असतो. तो आपण विचारत नाही.

आधी चाचणीच्या बाजूने बोललं पाहिजे, कारण तिच्याशिवाय या रोगात आपण आंधळे आहोत. माल्टा बेटावर 1887 साली डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टराने तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून या रोगाचा जंतू शोधला. पण तो माणसात येतो कुठून, हे पुढची अठरा वर्षं कळलं नाही. हवा, पाणी, डास, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेळ्यांवर कोणी घेतला नाही, कारण शेळ्या ठणठणीत होत्या. गल्लीतून हिंडणाऱ्या, दारात उभं करून दूध काढायच्या, कास भरलेल्या शेळ्या. 1905 साली थेमिस्टोक्लीस झमिट या माल्टीज डॉक्टराने प्रयोगासाठी आणलेल्या शेळ्यांचं रक्त तपासलं, आणि संसर्ग देण्याआधीच त्यातल्या बहुतेकींच्या रक्तात रोगाची खूण सापडली. पुढच्या वर्षी सैनिकांचं शेळीचं दूध बंद झालं आणि छावणीतला ताप झपाट्याने ओसरला. डोळ्यांना जी शेळी निरोगी दिसत होती, तिचा रोग रक्ताच्या चाचणीने दाखवला. आपल्या बाजारात आजही शेळी पारखतात ती दात, कास, पाठ आणि डोळा बघून. ब्रुसेलोसिस यातल्या एकाही ठिकाणी दिसत नाही.

तरीही चाचणी म्हणजे न्यायनिवाडा नव्हे. तिच्यात दोन वेगळ्या ताकदी असतात: आजारी शेळीला पकडण्याची आणि निरोगी शेळीला सोडण्याची. दोन्ही कधीच शंभर टक्के नसतात. उदाहरणापुरतं धरू की एखादी चाचणी शंभर आजारी शेळ्यांपैकी 95 पकडते आणि शंभर निरोगी शेळ्यांपैकी 98 बरोबर सोडते. ऐकायला फारच चांगली चाचणी. आता एखाद्या तालुक्यातल्या 1000 शेळ्या घ्या, जिथे रोग फक्त 2 टक्के आहे. आजारी 20, त्यातल्या 19 सापडल्या. निरोगी 980, त्यांच्यापैकी 2 टक्के, म्हणजे जवळपास 20 उगाच अडकल्या. पॉझिटिव्ह आलेल्या 39 शेळ्यांपैकी निम्म्या निरोगी! हीच चाचणी, हीच बाटली, हाच माणूस घेऊन अशा ठिकाणी जा जिथे रोग 20 टक्के आहे. तिथे 190 खऱ्या आजारी सापडतील आणि फक्त 16 उगाच अडकतील. म्हणजे पॉझिटिव्ह या एका शब्दाचा अर्थ शेळी कुठल्या कळपातून आली यावर ठरतो. चाचणी तीच राहते, तिच्या शब्दाचं वजन बदलतं.

हे गणित पशुवैद्यकाच्या पुस्तकात असतं, परीक्षेत विचारलंही जातं. गोठ्यात मात्र आपण ते विसरतो. त्याहून जास्त विसरतो ते कळपाचं गणित. पूर्ण निरोगी 50 शेळ्यांचा कळप घ्या आणि वरचीच चाचणी लावा. एकीला उगाच अडकवण्याची शक्यता अवघी 2 टक्के. पण पन्नासांतली किमान एक तरी अडकण्याची शक्यता जवळजवळ 64 टक्के होते. ‘एक जरी पॉझिटिव्ह आली तरी कळप रोगी’ असा नियम लावला, तर जितका मोठा कळप तितकी निरपराध असूनही बदनाम होण्याची शक्यता जास्त. आणि याच्या उलट, मोठ्या कळपातल्या पाचच शेळ्या तपासून ‘कळप स्वच्छ’ असा दाखला दिला तर? दहातली एक शेळी आजारी असेल आणि चाचणी अगदी बिनचूक असेल, तरीही त्या पाचांत एकही आजारी न येण्याची शक्यता 59 टक्के आहे. ती 5 टक्क्यांवर आणायची तर निदान 29 शेळ्यांचं रक्त घ्यावं लागतं. पाच नळ्या भरून आणणं सोयीचं असतं, म्हणून पाच आणतात. त्या दाखल्यावर सही करणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं.

दुसरी अडचण अशी की शेळीच्या वाट्याला येणाऱ्या पुष्कळशा चाचण्या मुळात गाईसाठी घडवलेल्या आहेत. शेळीला गरिबाची गाय म्हणतात, पण तिचं शरीर गाईची छोटी आवृत्ती नाही. रोझ बेंगॉलमध्ये गाईसाठी रक्तजल आणि प्रतिजन समान घेतात. शेळी-मेंढीसाठी तीन भाग रक्तजल आणि एक भाग प्रतिजन घ्यावं, म्हणजे 25 मायक्रोलिटर प्रतिजनाला 75 मायक्रोलिटर रक्तजल, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. नाहीतर आजारी शेळ्या निसटतात. एवढासा फरक. पण सवयीने समान थेंब टाकणारे हात मी पाहिले आहेत, त्यात एके काळी माझेही होते. गाईंच्या डेअरीत एकत्र दुधावर करतात ती रिंग टेस्ट तर शेळीच्या दुधावर भरवशाची नाहीच, कारण ती चाचणी दुधावर चढणाऱ्या सायीच्या भरवशावर उभी आहे आणि शेळीच्या दुधातली चरबी तशी वर चढत नाही. महाराष्ट्रात 2019 च्या पशुगणनेत एक कोटीहून जास्त शेळ्या मोजल्या गेल्या. इतक्या जनावरांसाठी उसनी मापं वापरत राहणं मला पटत नाही.

वेळेचा प्रश्न आहेच. ही चाचणी जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. लागण झाल्यावर ती तयार व्हायला आठवडे लागतात. त्या आठवड्यांत रक्त घेतलं तर शेळी निगेटिव्ह. नुकतीच गाभडलेली शेळी, जिच्या जारेतून आणि स्रावातून जंतू अक्षरशः ओतत असतात, ती त्या दिवशी निगेटिव्ह येऊ शकते. आईचा चीक प्यायलेलं करडू स्वतः निरोगी असूनही आईच्या प्रतिपिंडांमुळे पॉझिटिव्ह येऊ शकतं. लहानपणी लागण झालेली पाट पहिल्या वेताला येईपर्यंत गप्प बसू शकते. येर्सिनिया जातीतला एक आतड्याचा जंतू ब्रुसेलाशी इतका मिळताजुळता असतो की त्याच्या संसर्गानेही टाइलवर कण धरतात. एकदाच घेतलेलं रक्त म्हणजे त्या दिवसाचा फोटो. आणि हा रोग तर महिनोन्‌महिने चालतो.

एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे, कारण तिथे शिकलेली माणसंही फसतात. पीपीआर, ज्याला शेळ्यांची बुळकांडी म्हणतात, तो रोग 2030 पर्यंत जगातून संपवायचं उद्दिष्ट आहे. आपल्याकडे त्याची चांगली लस आहे, देशातच तयार झालेली. पण लस दिलेली शेळी आणि रोगातून उठलेली शेळी, दोघींच्या रक्तात प्रतिपिंडं सारखीच दिसतात. त्यांना वेगळं करणारी चाचणी अजून वापरात नाही. एका कळपात पीपीआरची एलायझा ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह येणं ही लसीकरण नीट झाल्याची आनंदाची बातमी असते, दुसऱ्यात ती रोग येऊन गेल्याची खूण असते. कोणती बातमी, हे सांगायला एकच नोंद पुरते: लस दिली का, आणि कधी. ती नोंद अनेकदा दवाखान्याच्या रजिस्टरात नसते. राखणाऱ्याला मात्र आठवते, ‘आखाडात टोचली होती’ एवढी तरी.

गेल्या काही वर्षांत बंदिस्त शेळीपालनात तरुण मंडळी उतरली. प्रशिक्षण घेतात, कर्ज काढतात, शेड बांधतात आणि ‘टेस्टेड माल’ मागतात. ही मागणी चांगली आहे. पण तिला उत्तर काय मिळतं? विकणारा मोबाइल पुढे करतो, त्यावर सहा महिन्यांपूर्वीचा निगेटिव्ह रिपोर्ट. कोणत्या शेळीचा, ते नाही. किती शेळ्यांपैकी किती तपासल्या, ते नाही. कोणती चाचणी, ते नाही. त्यानंतर त्या कळपात बाहेरून किती शेळ्या आल्या, ते तर नाहीच. अशा दोघा-तिघांनी मला असे फोटो पाठवून विचारलं, “साहेब, घेऊ का?” मी त्यांना रिपोर्ट बाजूला ठेवून चार गोष्टी विचारायला लावतो: गेल्या दोन वर्षांत किती गाभडल्या, किती करडं मेली, बोकड कुठून आणला, आणि विकणाऱ्याच्या घरात कोणाला लांबलेला ताप होता का. शेवटचा प्रश्न ऐकून लोक चमकतात. पण शेळीतून येणारा ब्रुसेलोसिस माणसात गाईच्या ब्रुसेलोसिसपेक्षा जास्त तिखट असतो. संध्याकाळी चढणारा ताप, अंगभर घाम, कंबर आणि सांधे धरणं. टायफॉइड म्हणून, कधी क्षयरोग म्हणून त्याच्यावर महिनेच्या महिने औषधं चालतात. खरा उपचार किमान सहा आठवडे दोन प्रतिजैविकं एकत्र देण्याचा आहे. कळपातली एक निसटलेली शेळी घरातल्या माणसाच्या पाठीत अशी बसते. मावशीच्या नवऱ्याची कंबर वर्षभर धरलेली होती. ती बाब मला शेवटच्या फेरीत कळली, तीही मी विचारली म्हणून नव्हे. चहा झाल्यावर तो उठताना खांबाला धरून उठला, तेव्हा.

कोणी म्हणेल, चाचण्यांत इतक्या चुका असतील तर चाचण्याच कशाला? सगळ्यांना लस टोचा आणि मोकळे व्हा. शेळ्यांसाठी रेव्ह-1 नावाची लस अनेक देशांत वापरतात आणि ती रोग खाली आणते. पण गाभण शेळीला दिली तर शेळी गाभडू शकते, टोचणाऱ्या माणसाला सुई लागली तर त्यालाच रोग होऊ शकतो, आणि टोचल्यावर रक्ताची चाचणी बराच काळ गोंधळते. आपल्या 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ब्रुसेलोसिसची लस 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांसाठी ठेवलेली आहे. शेळ्या त्यात नाहीत. उद्या शेळ्यांसाठी लस आली तरी कुठे द्यायची, कधी थांबवायची, उपयोग झाला की नाही, हे सांगायला चाचणी लागणारच.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो: हे टक्केवारीचं बोलणं शेळ्या राखणाऱ्या माणसाला कळणार आहे का? हा प्रश्न विचारणारे बहुधा कधी वाड्यावर बसलेले नसतात. अनिश्चिततेत निर्णय घेणं हाच त्या माणसाचा रोजचा धंदा आहे. पाऊस येईल की नाही, ही शेळी गाभण धरली की उलटली, व्यापारी आज भाव देतोय तो घ्यावा की पुढच्या बाजाराची वाट बघावी. ‘ही शेळी आजारी असण्याचा संशय आहे, महिन्या-दोन महिन्यांनी परत रक्त बघू, तोवर वेगळी बांधा, दूध उकळल्याशिवाय पिऊ नका आणि विकू नका’ हे वाक्य राखणाऱ्या बाईला नक्की कळतं. पाळणं अवघड जातं ते शेवटच्या दोन शब्दांमुळे. शेळी म्हणजे तिची बँक आहे. पॉझिटिव्ह शब्द ऐकल्यावर शेळी येत्या बाजारी विकणं हा तिच्या बाजूने पूर्ण शहाणपणाचा निर्णय असतो. त्यासाठी मावशीला मी दोष देत नाही. तिला तर माझा निकालही कळला नव्हता; गाभडलेली शेळी काढून टाकावी हे तिच्या सासूने शिकवलं होतं. दोष असलाच तर त्या व्यवस्थेचा, जी रक्त घेते आणि पॉझिटिव्ह आल्यावर त्या शेळीची किंमत कोण देणार याचं उत्तर देत नाही. चुकून पॉझिटिव्ह आली तर शेळी जाते, चुकून निगेटिव्ह आली तर माणसाची कंबर जाते. दोन्ही वेळा किंमत एकच घर मोजतं. चाचणी करायला लावणाऱ्याने त्या चुकीचा वाटा उचलला पाहिजे, नाहीतर चाचणी म्हणजे रोग एका गावातून दुसऱ्या गावात ढकलायचं साधन होऊन बसतं.

मला स्वतःला आता काय करावंसं वाटतं, ते सांगतो. पहिल्या चाचणीत पॉझिटिव्ह आलेल्या शेळीवर शिक्का मारायचा नाही. वेगळ्या प्रकारच्या दुसऱ्या चाचणीने तिची खात्री करायची. मात्र ज्या कळपात गाभडण्याची मालिका आहे, तिथे निगेटिव्ह शेळीवरही लगेच विश्वास ठेवायचा नाही. संपूर्ण कळपाचं रक्त ठरावीक अंतराने परत घ्यायचं. आणि नमुना पाठवायच्या फॉर्मवर एक रुंद रकाना हवा, राखणाऱ्याच्या तोंडून आलेल्या गोष्टींसाठी. आजच्या फॉर्मवर वय, लिंग, जात, पत्ता असतो. वेतं किती, गाभडली कधी, शेजारच्या कळपाशी चरणं एकत्र की वेगळं, नवा बोकड कधी आला, घरात ताप कोणाला, याला जागा नसते. हाच मजकूर नसला तर प्रयोगशाळेतल्या माणसाला 2 टक्क्यांचा कळप आणि 20 टक्क्यांचा कळप यांतला फरक कळायचा कसा? बाटलीवर लाखो रुपये खर्च करून जी अचूकता वाढते, त्याहून जास्त अचूकता अर्धा तास ओट्यावर बसून वाढवता येते. मी हे जबाबदारीने लिहितो आहे.

मावशीच्या कळपाचं रक्त मी दुसऱ्यांदा घेतलं, तेव्हा आधी खाली बसलो. तिने बोटांवर मोजत सांगितलं: ठिपकेवाल्या दोघींतली धाकटी गेल्या पंचमीला गाभडली, थोरलीला मात्र सलग तिसऱ्या वेताला जुळी झाली. मोडक्या शिंगाची दिवाळीआधी गाभडली. नवा बोकड यात्रेतून आणला होता, त्यानंतर हे सगळं सुरू झालं. तिच्या सुनेने घरातल्या जुन्या साड्यांच्या किनारी फाडल्या. प्रत्येक शेळीच्या गळ्यात एक रंग, आणि त्याच किनारीचा तुकडा माझ्या नळीला. 31 नळ्या झाल्या. बोकडाचं रक्त पहिल्या वेळी मी घेतलंच नव्हतं. या वेळी पहिली नळी त्याची होती, हिरव्या किनारीची.